"मेले की शहाणे होतील" म्हणणाऱ्यांसाठी

रात्रपाळीची सिस्टर
काल इथं एका दादांनी लिहिलंय, "सुया टोचणाऱ्यांना नव्या सुया नि नशेवरचा उतारा द्या म्हणणारे समाज नासवतायत. दोन-चार मेले की बाकीचे शहाणे होतील." वाचून झोप उडाली, म्हणून ड्यूटीवरून आल्या आल्या लिहिते.

बारा वर्षं कॅज्युअल्टीत आहे. गेल्या पावसाळ्यात पंचविशीतला पोरगा रिक्षातून आणला. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आठवड्यापूर्वीच घरी आलेला. पूर्वी पचवायचा तेवढ्याच ट्रामाडॉलच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक, गोळ्या घेतल्या, वर क्वार्टर. ओठ जांभळे, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या, मिनिटाला चार-पाच श्वास, घशात घरघर. दोस्तांनी तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, शेवटी बेशुद्ध पोराच्या तोंडात लिंबूपाणी ओतलं. ते गेलं छातीत. "घोरतोय, झोपू दे" म्हणून दीड तास आधीच गेलेला. पोरगा वाचला नाही. खिशात केंद्राचं कार्ड होतं, पुढची तारीख घातलेलं.

तीन महिने बंद ठेवलं की शरीराची सवय मोडते. मग जुनाच डोस जीव घेतो. केंद्रातून किंवा जेलमधून सुटल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात घातक, हे त्याला नि त्याच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. मेलेला माणूस शहाणा कसा होणार, दादा?

मंगळवार पेठ
ते मीच लिहिलं होतं, आणि आजही तेच म्हणणार. सिस्टर, तुम्ही तासभर बघता, आम्ही नऊ वर्षं बघितलं. सख्खा धाकटा भाऊ. आईच्या पाटल्या विकल्या, वडिलांच्या पेन्शनच्या दिवशी दारात उभा. लाड केले तोवर बिघडत गेला, कोंडला तेव्हा सुटला. आता तुम्ही उतारा हातात देणार म्हटल्यावर भीती कशाची राहणार? अजून दोन गोळ्या जास्त घेईल.

रात्रपाळीची सिस्टर
तो उतारा म्हणजे नॅलोक्सोन. त्यानं नशा चढत नाही, झटक्यात उतरते. घाम, उलट्या, अंगाचा थरकाप. शुद्धीवर आलेला पेशंट आम्हाला शिव्या घालतो. त्याच्या भरवशावर कुणी मजा म्हणून जास्त घेत नाही. पोटात अफूच्या जातीचं काही नसेल, तर त्या औषधानं काहीच होत नाही.

मेडिकलवाला, राजारामपुरी
सगळे आमच्यावर बोट दाखवतात म्हणून बोलतो. ट्रामाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात आलं, तेव्हापासून चिठ्ठी नि हिशोब ठेवल्याशिवाय मी एक पत्ता दिलेला नाही. पोरं येतात, धमक्या देतात, गल्ला उघडा असतो. आणि आता गिऱ्हाईक गोळ्यांचं कमी, जिमच्या इंजेक्शनचं जास्त. पोलीस भरती जवळ आली की मेफेन्टरमिन मागायला रांग.

लाल मातीतला
तालमीचं नाव काढू नका. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं ते थंडाई-बदामावर वाढलेल्या पैलवानांसाठी.

मेडिकलवाला, राजारामपुरी
मी जिम म्हटलं पैलवान, तालीम नाही. तुम्हाला का टोचलं?

लाल मातीतला
टोचलं, कारण आमच्याच आखाड्यातला पोरगा सोळाशे मीटर पळताना कोसळला. वस्तादांना कळेपर्यंत दंडावर सुयांचे डाग मोजता येत नव्हते. ऑपरेशनमध्ये पडलेलं बीपी वर आणायचं औषध, ते पोरं दम वाढवायला घेतात. हॉलमध्ये चौघांत एक सिरिंज! हे थांबवा आधी, गर्दुल्ल्यांचं नंतर बघू.

मंगळवार पेठ
म्हणजे तुमची ती चुकलेली पोरं आणि माझा भाऊ गर्दुल्ला? जीभ सांभाळून बोला.

लाल मातीतला
तुम्हीच "मेले तर मरू देत" लिहिलंय. भाऊ तुमचाच होता की.

मंगळवार पेठ
समोर या, मग बोलू.

रात्रपाळीची सिस्टर
भांडू नका. पैलवान, मेफेन्टरमिन अफूच्या जातीचं नाही. त्यावर नॅलोक्सोन चालत नाही, तिथं बीपी नि हृदयाचा धोका, थेट दवाखाना. पण "चौघांत एक सिरिंज" हे तुम्हीच सांगितलंत. एचआयव्ही नि हिपॅटायटिस सी (कावीळ क) त्या सुईतून जातात, तिला पैलवान कोण नि गर्दुल्ला कोण कळत नाही. मणिपूरमध्ये १९९० च्या सुमारास हेच झालं, घरंच्या घरं गेली. म्हणून नाको, म्हणजे सरकारची एड्स नियंत्रण संघटना, स्वतः नव्या सुया देण्याचा कार्यक्रम चालवते, आणि नशेच्या सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर घ्यायला लावते. हे सरकारी काम आहे, माझी कल्पना नाही.

मेडिकलवाला, राजारामपुरी
एक भर घालतो. पोलिसांच्या भीतीनं दोस्त पेशंटला दारात टाकून पळतात. पण एनडीपीएसच्या कलम ६४अ मध्ये आपणहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण आहे.

लाल मातीतला
सुईचं पटलं. तोंड आंबट करून का होईना, पटलं. वस्तादांना सांगतो.

मंगळवार पेठ
मला सुयांचं अजून पटत नाही. दुकान मांडल्यासारखं वाटतं. पण भाऊ सुटून आला तेव्हा आम्हालाही तुमचं ते सवय मोडण्याचं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रविवारी मी त्याला दोस्ताच्या लग्नाला एकटाच पाठवला होता. तो परत आला ते नशीब.

आता विचारतो तेवढं सांगा. घोरतोय की मरतोय, हे घरच्यांनी ओळखायचं कसं?

रात्रपाळीची सिस्टर
जोरात हाक मारा, छातीच्या हाडावर मुठीनं घासा. उठला नाही, श्वास तुटक असेल, ओठ-नखं निळी असतील, तर ती झोप नाही. १०८ लावा. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडानं श्वास द्या, दर पाच सेकंदाला एक. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी छातीत जाणार नाही. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा. आणि दवाखान्यात नॅलोक्सोन देऊन तो उठून बसला, तरी लगेच घरी नेऊ नका. औषधाचा जोर अर्धा ते दीड तास, गोळ्या त्याहून जास्त वेळ टिकतात. घरी नेऊन झोपवला की परत श्वास थांबतो.

मंगळवार पेठ
लिहून घेतलं. आईच्या फोनमध्येही टाकलं.