बेरोजगार भत्ता: फोन लावत बसण्यात अर्थ आहे का?

खडूस_जर्सीकर
इथे अमेरिकेत कुणाचा लेऑफ झाला की पहिला सल्ला ठरलेला: "सकाळी बेरोजगार खात्याची फोनलाइन उघडली की रीडायल मारत राहा." माझं मत उलटं आहे. फोन शेवटचा उपाय, आणि बऱ्याचदा तोही नको.

फोन उचलणारी आणि अडकलेले क्लेम (भत्त्याचे अर्ज) सोडवणारी माणसं एकाच खात्यातली, मोजकीच. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ईडीडीचं, म्हणजे तिथल्या बेरोजगार भत्त्याच्या खात्याचं, काय झालं ते आठवा. लॉकडाउनच्या सुरुवातीला आलेल्या फोनपैकी एक टक्कासुद्धा उचलले गेले नव्हते, हे राज्याच्या ऑडिटरनेच लिहून ठेवलंय. सप्टेंबरमध्ये तर तुंबलेलं काम उपसायला नवे क्लेम घेणंच दोन आठवडे थांबवलं. "माझं कुठवर आलंय?" एवढंच विचारणारेही त्याच रांगेत होते.

शिवाय फोनवरच्या बोलण्याला कागद नसतो. क्लेम नाकारला तर कॅलिफोर्नियात अपिलाला 30 दिवस मिळतात, तेही निर्णय पोस्टात पडल्यापासून. फोनवर कुणी "बघते हं" म्हणालं म्हणून ते दिवस थांबत नाहीत. लेखी द्या, स्क्रीनशॉट ठेवा.

चिंचगूळ
अपिलाचं शंभर टक्के मान्य. पण अपील निर्णयाविरुद्ध करतात. निर्णयच झाला नसेल तर? स्क्रीनवर आठवडेच्या आठवडे 'पेंडिंग' दिसतं, त्यावर कसलं अपील करणार?

कॅलिफोर्नियात दर दोन आठवड्यांनी भरायच्या फॉर्मातले प्रश्नच बघा. "आजारपण सोडून इतर कारणामुळे पूर्णवेळ काम घेता आलं नसतं का?" प्रश्नातच नकार, म्हणून काम घेता येत असेल तर उत्तर 'नाही'. हो की नाही यात गोंधळ झाला की त्या आठवड्यांचे पैसे अडकले. पोर्टलवर मेसेज टाकला की आपलाच प्रश्न आपल्याला समजावून सांगणारं छापील उत्तर येतं. माणसाशी बोललं तर हेच पाच मिनिटांचं काम आहे.

कोबोलकाका
एप्रिल 2020 मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर मर्फी पत्रकार परिषदेत कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा येणारे स्वयंसेवक मागत होते, कारण भत्त्याची प्रणाली त्यातच लिहिलेली. मला हसावं की रडावं कळेना. आमच्यातल्या अनेकांना वाय-टू-केच्या (सन 2000 च्या संगणक-गोंधळाच्या) वेळी याच कोबोलने इथे आणलं, आणि वीस वर्षांनी सरकार म्हणतंय, या जरा परत. तेव्हा खडूसराव, तुम्ही लेखी द्यायला सांगता ते पोर्टल म्हणजे वरून रंग दिलेला जुना वाडा आहे.

आणि माणूस पूर्ण काढला की काय होतं ते मिशिगनने दाखवलंय. 2013 ते 2015 तिथे मिडास नावाची प्रणाली लोकांवर परस्पर फसवणुकीचे ठपके ठेवत होती. निव्वळ संगणकाने दिलेले 22 हजारांवर निर्णय राज्याने नंतर तपासले, त्यातले 93 टक्के चूक निघाले. लोकांचे पगार आणि टॅक्स रिफंड तोवर जप्त झाले होते.

खडूस_जर्सीकर
काका, मिडास हा निर्णय कुणी घ्यावा याचा प्रश्न आहे, फोनचा नाही. निर्णय माणसानेच घ्यावा हे मलाही हवंय. म्हणून तर म्हणतो, त्या माणसाला हेडसेट लावून बसवू नका, फायली बघू द्या.

पाहुणा_एच१
थोडं अवांतर. मी एच-१ या नोकरीच्या व्हिसावर आहे. हा भत्ता घेतला तर ग्रीन कार्डाला बाधा येते म्हणतात, खरंय का?

चिंचगूळ
पब्लिक चार्जची, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा ठरवून ग्रीन कार्ड नाकारतील अशी, भीती असेल तर सोडा. हा कमावलेला विमा धरतात, त्यात मोजत नाहीत. तुमची अडचण वेगळी आहे. 'काम करायला मोकळे' असणं ही अट असते, आणि एच-१ मालकाशी बांधलेला, त्यामुळे सहसा क्लेम टिकत नाही. तुम्ही नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणारे ते 60 दिवस सांभाळा. ग्रीन कार्ड किंवा एच-४ ईएडी (एच-१वाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) असलेल्यांचं वेगळं.

जाता जाता: "नोकरी गेलीच आहे तर पुण्याला महिनाभर राहून येऊ" म्हणणाऱ्यांनो, तिथे बसून इथला फॉर्म भरू नका. देशाबाहेर असताना बहुतेक राज्यांत भत्ता मिळत नाही आणि पुढे वसुली लागते.

गोदाकाठ
वरचे सगळे आयटीवाले. आमच्या शेजारच्या काकू गोदामात पॅकिंग करायच्या. ग्रीन कार्ड आहे, मराठी-हिंदी उत्तम, इंग्रजी कामापुरतं. लॅपटॉप नाही. ओळख पटवायला फोनवर सेल्फी काढा, परवाना स्कॅन करा, हे त्यांना कोण शिकवणार? फोनवर निदान दुभाषी मागता येतो, तोही फुकट. न्यू जर्सीत या विम्याचा काही हिस्सा कामगाराच्याच पगारातून कापतात, पे-स्टब बघा. पैसे घेताना पोर्टल लागलं नाही, देताना मात्र लागतं?

खडूस_जर्सीकर
काकूंसाठीच लाइन मोकळी हवी! तुम्ही-आम्ही दिवसभर रीडायल मारतो, वर पैसे घेऊन आपल्यासाठी डायल करणाऱ्या कंपन्याही निघाल्यात. त्यात काकूंचा फोन लागणार कसा? ज्याला लेखी जमतं त्याने लेखीच करावं. अगदीच अडलं तर आपल्या भागाच्या राज्य आमदाराच्या कार्यालयाला सांगा, ते खात्याकडे चौकशी लावतात.

गोदाकाठ
आणि आमदाराच्या कार्यालयाला तुम्ही काय कबुतर पाठवता? फोनच ना?

खडूस_जर्सीकर
ईमेल. काकूंसाठी मात्र फोनच करा, तिथे माणूस उचलतो. त्यांच्याकडून संमतीचा फॉर्म आधी सही करून घ्या, नाहीतर खातं आमदारालाही माहिती देणार नाही.