मदत हवी आहे: जुन्या लोखंडी रंध्यात फ्रॉगचा स्क्रू जाम, खाचही झिजलीय

नमस्कार मंडळी,

आजोबांचा ५ नंबरचा बेली पद्धतीचा (पातं चाकाने खाली-वर करायचा) लोखंडी रंधा पुन्हा कामाला लावायचा आहे. कित्येक वर्षं पेटीत पडून होता. पातं, लिव्हर कॅप (पातं दाबून धरणारं झाकण), पुढचा नॉब सहज निघाले. तीन जागी अडलोय.

सगळ्यात जास्त काळजी फ्रॉगची, म्हणजे पातं ज्या तिरक्या बैठकीवर टेकतं त्या भागाची. तो दोन स्क्रूंनी बसवलेला आहे. डावा निघाला, उजवा जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी घाईघाईत हाताला लागला तो निमुळत्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लावला. तो घसरला आणि खाचेची एक कड गेली. चूक माझीच. त्यानंतर जोर लावलेला नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल थेंबथेंब सोडतोय.

मागच्या मुठीचा पितळी नट फिरतो, पण आतली सळीही त्याच्याबरोबर फिरतेय असं वाटतं. मूठ शिसवी आहे आणि बुडाशी बारीक चीर आहे.

शिवाय पातं खाली-वर करायचं पितळी चाक. काढायला म्हणून डावीकडे फिरवलं, तर आत जाऊन फ्रॉगच्या पाठीला टेकलं आणि घट्ट बसलं.

बॉडी बिडाची (ओतीव लोखंडाची), त्यामुळे ठोकाठोक करणार नाही. स्क्रूला ड्रिल मारू का? की गॅसच्या टॉर्चने तापवू? आतलं मूळचं काळं रोगण शाबूत राहावं अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद १

ड्रिल आत्ता नको. या रंध्यांच्या स्क्रूंचे आटे बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचे नसतात, त्यामुळे मूळ स्क्रू वाचवणं महत्त्वाचं. टॉर्चही नको. रोगण जळेल, आणि बीड एकाच जागी तापलं तर तडकू शकतं.

उष्णता फक्त स्क्रूलाच द्या. सोल्डरिंग आयर्न, शक्यतो जाड टोकाचा, पाच-सात मिनिटं डोक्यावर टेकवून ठेवा. त्याआधी तेल नीट पुसा आणि खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो. स्क्रू तापून फुगतो, गार होताना आकसतो आणि गंजाची पकड तुटते. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तेल सोडा. दोन-तीन वेळा करावं लागेल.

स्क्रूड्रायव्हर असा हवा की टोकाच्या दोन्ही बाजू समांतर असतील आणि खाच पूर्ण भरेल. जाड वाटला तर कानशीने घासून बसवा, पण सैल चालवून घेऊ नका. वरून शरीराचा भार द्या आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. तेवढ्यानेही गंज हलतो. मग सोडवा.

मुठीची सळी नटासकट फिरत असेल तर फिरू द्या. ती खाली बॉडीच्या आट्यांतून सुटेल आणि अख्खी वर येईल. मुठीच्या पुढच्या टोकाशी छोटा स्क्रू असेल तर तोही काढा, मग मूठ मोकळी होते.

प्रतिसाद २

चाकाचं उत्तर सोपं आहे: त्याचे आटे उलटे असतात. मागून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. तुम्ही आवळत होतात. आता घट्ट बसलंय, तर पकडीने धरण्याआधी चामड्याचा तुकडा गुंडाळा, पितळेवर दात उमटतात.

धागाकर्ता

चाक दोन मिनिटांत सुटलं! मूठही निघाली. सळी नटासकट वर आली, चिरेला काही झालं नाही.

स्क्रूने दोन दिवस घेतले. तिसऱ्यांदा तापवून गार झाल्यावर आवळायच्या दिशेने फिरवला तेव्हा बारीक 'कट्' असा आवाज आला आणि हातालाच कळलं की सुटला. फ्रॉगखाली गंजाची भुकटी होती, बैठक मात्र स्वच्छ निघाली. दोघांचेही मनापासून आभार.

आता एकच विचारायचंय: उरलेली कड कानशीने सरळ करून हाच स्क्रू परत लावला तर पुढच्या वेळी तग धरेल का?