पोलिश मायग्रंट्सची को-ऑप: धंदा की चळवळ?

मीठभाकर:
१ मे २००४ ला पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला, आणि ब्रिटन, आयर्लंड, स्वीडन या तीनच जुन्या मेंबर देशांनी लगेच त्यांच्यासाठी कामाची दारं उघडली. लाखो पोलिश माणसं ब्रिटनला गेली, त्यातली कितीतरी एजन्सीमार्फत गोडाऊनात नाहीतर पॅकिंगला, उद्याची शिफ्ट आहे की नाही ते आज रात्री मेसेज आला तर कळणार. अशातल्याच काहींनी मिळून खाण्यापिण्याची छोटी को-ऑप, म्हणजे सहकारी कॅफे काढली, मालक कोणी नाही, माणसाला एक मत, माल फेअर ट्रेडचा, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव देऊन घेतलेला. मी तरी याला चळवळच म्हणेन. मोर्चा कधीतरी निघतो, इथे रोज ठरवावं लागतं की भाजी कोणाकडून घ्यायची, आजारी माणसाचा पगार कापायचा का, भांडी कोण घासणार. काल ज्याला सुपरवायझर नावानेपण हाक मारत नव्हता तो आज हिशोबाच्या मीटिंगमध्ये तोंडावर नाही म्हणतो, ही छोटी गोष्ट आहे का?

खडेबोल:
नाही पटत. ऑरगॅनिक ब्रेड आणि फेअर ट्रेड कॉफी गोडाऊनमधल्या पोलिश कामगाराला परवडते का? आणि धंदा मंदावला की हेच मेंबर बिनपगारी जादा राबतात, मालकच नाही म्हटल्यावर भांडायचं कोणाशी? १९८० ला पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, २१ मागण्या लिहून लावल्या, त्यातून निघालेल्या सॉलिडॅरिटी या कामगार युनियनचे वर्षभरात जवळपास १ कोटी मेंबर झाले. ताकद ती. युनियनमध्ये जा ना.

नदीकाठ:
अर्धंच सांगितलंत. कामगारांनी कारखाने स्वतः चालवायचे हेपण सॉलिडॅरिटीच्या १९८१ च्या अधिवेशनात होतं, डिसेंबरात मार्शल लॉ आला आणि सगळंच बारगळलं. शिवाय कम्युनिस्ट काळात तिकडे 'स्पोवेम'ची सहकारी दुकानं होतीच की, पण हुकूम सरकारचा, त्यामुळे जुन्या माणसांना सहकार म्हटलं की रांगा आणि रिकाम्या फळ्या आठवतात. त्यांचीच पोरं परक्या देशात जाऊन आपणहून सहकार निवडतात, मला याचं फार कौतुक वाटतं.

मीठभाकर:
आणि २०१६ विसरू नका. ब्रेक्झिटच्या मतदानानंतर लंडनला हॅमरस्मिथच्या पोलिश सेंटरच्या दारावर कोणीतरी घाण लिहून गेलं, मग शेजारचे लोक फुलं आणि कार्डं घेऊन आले. अशा दिवसांत काउंटरवर रोज समोरासमोर बोलणं होतं त्याला किंमत आहे.

खडेबोल:
फुलं आणणाऱ्यांबद्दल आदरच आहे, पण त्याने एजन्सीची शिफ्ट बदलत नाही. को-ऑपने गोडाऊनवाल्यांना परवडेल असं जेवण ठेवावं, संध्याकाळी मीटिंगला जागा द्यावी, कामाच्या हक्कांची माहिती पोलिशमध्ये छापून ठेवावी, मग मीपण चळवळ म्हणेन. आणि मेंबरांनी आधी स्वतःचे जादा तास लिहून ठेवावेत आणि त्याचे पैसे घ्यावेत.