मदत हवी आहे: जर्मनीत रोबोटिक्सचं एमएस, ग्रेड अन् तारण दोन्ही अडलं

दारव्हा तालुक्यातल्या एका मेकॅनिकलवाल्या पोरीचे कागद लावणं सुरू आहे. डॉर्टमुंडचा ऑटोमेशन अँड रोबोटिक्स डोक्यात आहे. एपीएस (जर्मनीसाठीची कागदपत्रांची पडताळणी) झालं.

पहिली अडचण ग्रेडची. आपला ग्रेड जर्मन ग्रेडमध्ये बदलायचं बव्हेरियन सूत्र (तिकडं आकडा जितका कमी तितका चांगला): कमालमधून मिळालेला वजा, गुणिले ३, भागिले कमाल वजा किमान, अधिक १. सीजीपीए १० पैकी ७.२. पासिंग ४ धरलं तर २.४, ५ धरलं तर २.६८. बऱ्याच ठिकाणी अट २.५ ची, म्हणजे सारा खेळ त्या एका आकड्यावर! अन् गुणपत्रिकेच्या मागं ग्रेडचा तक्ता आहे, पण किमान पासिंग लिहिलेलंच नाही. विद्यापीठाकडून किमान पासिंग किती ते सांगणारं पत्र कोणी काढलंय का? अर्ज परीक्षा विभागात द्यायचा का कुलसचिवांकडे?

दुसरं, ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे आधी भरून ठेवायचे पैसे) ११,९०४ युरो. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढायचं, तर साडेसात लाखांवर बँक तारण मागते. सातबारा चालत नाही म्हणते, अन् घर गावठाणात, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर. असं घर कोणत्या बँकेनं तारण घेतलंय? सिटी सर्व्हेची सनद लागली का?

एजंटचे नंबर नका देऊ बाप्पा. स्वतः केलेल्यांनीच सांगा.