रविवारचं चाट आणि आईंची दहीपुरी

(सोसायटीचा ग्रुप, सिडको, छत्रपती संभाजीनगर)

मंगळवार, सकाळ

ए-१०१: काल रात्रीपासून आमच्या लेकराला जुलाब व्हायलेत. बी-३०३ च्या छोट्यालाही तेच. दोघंही रविवारी आपल्याबरोबर कॅनॉटच्या त्या नव्या चाटवाल्याकडं होते. येत्या रविवारी परत जायचं ठरलंय, ते रद्द करा. बाहेरची पाणीपुरी नको, असं मी तेव्हाच म्हणाले होते.

सी-४०२: काकू, डॉक्टर म्हणून विचारते, लेकरू पाणी पितंय का? लघवी होतेय ना? ओआरएसच्या पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यात पूर्ण पाकीट एकदम टाका, अंदाजानं अर्धं-अर्धं नको. पाणी उकळून गार केलेलं. घोट घोट द्या. शौचात रक्त दिसलं, फार सुस्त वाटलं, पाणीही पोटात राहिना, तर रात्र असली तरी मला उठवा.

ए-१०१: पितंय. ताप नाही. आता झोपलंय.

बी-३०३: आमचा बरा आहे. सकाळपासून एकदाच झाली. वरणभात खाल्ला.

ए-२०३: मग रद्दच करू. आमच्याकडं दोन लहान आहेत.

सी-१०४: रद्द. टेरेसवर भेळ करू, मुरमुरे मी आणते.

बी-२०४: थांबा की जरा. लेकरं बरी होऊ द्या, ते सगळ्यात आधी. पण रद्द करण्याआधी मला एक सांगायचंय. लांबेल, तरी वाचा.

आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या. माहेर पैठणजवळचं. नाथषष्ठीच्या यात्रेत त्यांनी लहानपणापासून भज्यांच्या कढया, गोडीशेवेचे ढीग बघितले. पण बाईमाणसानं रस्त्यावर तोंड हलवायचं नाही, अशी घरची रीत. पुडा बांधून घ्यायचा, घरी न्यायचा आणि चुलीपुढं बसून खायचा. तोवर भजी गार पडून लिबलिबीत झालेली. लग्नानंतरही तेच. मामंजी बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसायचे, येताना यांच्यासाठी कचोरी आणायचे. आठवणीनं, प्रेमानं आणायचे. पण कढईतून निघाल्या निघाल्या कचोरी कशी लागते हे त्यांना कधी कळलं नाही. आणि मला हे रविवारी कळलं, माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर.

त्या दुकानात पाठ टेकायला खुर्ची आहे, पायरी एकच आहे, हात धुवायला नळ आहे, आत स्वच्छ बाथरूम आहे. म्हणून तर त्या आल्या. गाड्यापुढं उभं राहणं त्यांच्या गुडघ्यांना जमलं नसतं. दहीपुरी समोर आल्यावर चमचा मागायला लागल्या. मी म्हटलं, आई, आख्खी टाका तोंडात. त्यांनी सवयीनं पदर तोंडापुढं धरला. पहिली पुरी पदराआड गेली. दुसरीला पदर खाली आला. सहाच्या सहा खाल्ल्या. माझ्या रगडा पॅटिसमधला रगडा चाखून म्हणाल्या, "वाटाणा छान शिजलाय, पण फोडणीत ओवा पाहिजे होता." आणि घरी येताना रिक्षात विचारलं, "पुढच्या रविवारी पाणीवाली खाऊ का गं?"

मी हो म्हटलंय. आता काय सांगू त्यांना? दुकानात खरंच खोट असेल तर मीच नेणार नाही. पण ती खोट आहे का, हे आधी बघू या. टेरेसवरची भेळ चांगलीच असते, पण घरचं खाणं त्यांनी आयुष्यभर खाल्लंय.

ए-१०१: माय, हे मला माहीत नव्हतं. पण माझ्या लेकराचं काय झालं तेही कळायला पाहिजे ना.

बी-२०४: पाहिजेच, काकू. तेच म्हणायलेय मी.

सी-५०१: आजींचं वाचून आमच्या अम्मी आठवल्या. माझं माहेर शहागंजचं. नान खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा अन् नान, आमच्याकडं लग्नात शिजायचा, तो सगळ्यांना मिळायचा. पण हॉटेलात बायकांनी बसायचं तर पडदा लावलेल्या फॅमिली केबिनमध्येच. तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली, तेव्हाच्या फौजेच्या भटारखान्यातून हा पदार्थ आला, असं आमच्याकडं सांगतात. एवढी जुनी खाण्याची परंपरा या शहराची, आणि आमच्या अम्मींनी भट्टीवरचा नान भट्टीपाशी बसून कधी खाल्ला नाही. आजींना न्या. मी पण येते.

सी-४०२: मला दोन गोष्टी विचारायच्यात. रविवारी आपण अकरा जण होतो, आजारी दोघंच पडलेत. या दोघांनी तिथं नेमकं काय खाल्लं?

ए-१०१: आमच्यानं पावभाजी अन् मँगो मस्तानी. पाणीपुरी खाल्लीच नाही त्यानं, तिखट लागते म्हणून. आता लिहिताना ध्यानात आलं.

बी-३०३: आमच्यानं शेवपुरी आणि दोन पाणीपुऱ्या.

सी-४०२: म्हणजे दोघांत सारखं काहीच नाही. आता वेळ बघा. खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या असत्या तर रविवारच्या खाण्यावर संशय घट्ट झाला असता, कारण तयार अन्नात आधीच झालेलं विष तेवढ्या वेळात त्रास देतं. इथं जुलाब सोमवारी रात्री सुरू झाले. नुसत्या जंतूंनी होणारे जुलाब सहा तासांनीही होतात, तीन दिवसांनीही होतात. आपण नेहमी शेवटच्या बाहेरच्या खाण्याला धरतो. शनिवारपासून दोघांनी मिळून काय खाल्लं, प्यायलं ते आठवा.

बी-३०३: शनिवारी क्रिकेट झाल्यावर मैदानाबाहेर दोघांनी बर्फाचा गोळा खाल्ला. काला खट्टा. माझ्याकडूनच पैसे नेले होते.

ए-१०१: आमच्यानं मला सांगितलंच नाही.

ए-४०३: मी वाळूजला खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणून लिहितो. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा, असा आदेश राज्यात २०१८ मध्ये निघाला. मासे, भाज्या थंड ठेवायचा तो बर्फ. निळसर लादी गोळ्याच्या गाडीवर दिसली तर तिथून लेकरू उचलून आणायचं. पण पांढरा बर्फ म्हणजे चांगलाच, असंही नाही. तो कोणत्या पाण्याचा, हा प्रश्न उरतोच. गोठवल्यानं सगळे जंतू मरत नाहीत.

सी-४०२: आणि गोळ्यामुळंच झालं असंही मी म्हणत नाही. तपासणीशिवाय कुणाच्याच नावावर मांडता येत नाही. त्या गोळेवाल्याच्या गाडीपाशी जाऊन कुणी भांडू नका.

ए-२०३: बरं, पण चाटमध्ये भीती असते ती कशाची? आम्ही जैन, कांदा-बटाटा नसतोच. पाणीपुरीत कच्च्या केळ्याचं सारण घालून देतो का, हेही विचारायचं होतं.

ए-४०३: तळलेली कोरडी पुरी, उकळता रगडा, तव्यावरची भाजी, चिंच-गुळाची आंबट चटणी, यांत धोका कमी. उष्णता, कोरडेपणा, आंबटपणा, तिन्ही जंतूंच्या विरोधात. जपायचं ते ओल्या आणि न शिजवलेल्या गोष्टींना: पुदिन्याचं पाणी, हिरवी चटणी, वरून भुरभुरलेली कोथिंबीर. आणि सकाळी उकडून दिवसभर बाहेर ठेवलेला बटाटा. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे तासन् तास राहिलं की जंतू वाढतात. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीवर जातो, तेव्हा तर फारच लवकर.

त्यात आपलं पाणी. जायकवाडीतून येतं, पण नळाला किती दिवसांनी येतं हे या ग्रुपला मी काय सांगू. हॉटेलवाल्याचंही तेच, तो टँकर नाहीतर जार घेतो. थंड जार म्हणजे शुद्ध पाणी असं आपण धरून चालतो, कित्येकदा ते नुसतं गार केलेलं असतं.

बी-१०५: आज संध्याकाळी मी आणि ए-४०३ दुकानात जाऊन येतो. जाब विचारायला नाही, बघायला.

मंगळवार, रात्र

बी-१०५: जाऊन आलो. मालक तिशीतला पोरगा आहे, घाबरला आधी. लेकरांचं सांगितल्यावर पहिला प्रश्न त्यानं विचारला तो "आता कशी आहेत?" मग आत नेलं. भिंतीवर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर लावलेला आहे. टाकी झाकलेली, फिल्टर बसवलेला. पाणीपुरीच्या पाण्यात बर्फ टाकत नाही, मडक्यात गार करतो. पुऱ्या रोज दुपारी तळतात.

खोट सापडली ती हिरव्या चटणीत. पातेलंभर चटणी दुपारी वाटून काउंटरवर उघडी ठेवतात, रात्रीपर्यंत तीच. आणि कोथिंबीर टाकीच्या साध्या पाण्यात एकदाच खळबळतात. हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

ए-४०३: मी त्याला सांगितलं, चटणी थोडी थोडी वाट, फ्रीजमधून छोट्या डब्यात काढ. कोथिंबीर-पुदिना वाहत्या पाण्याखाली तीनदा धू, माती निघाली पाहिजे. पाणीपुरीचं पाणी उकळून गार केलेल्या पाण्यात कर. गॅसचा खर्च वाढेल म्हणाला, पण वहीत लिहून घेतलं. तेल विचारलं. एकदाच तळून उरलेलं दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला संपवतो. १ जुलै २०१८ पासून नियम आहे, तळणाच्या तेलात खराब झालेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. त्याचं तेल दिसायला स्वच्छ होतं, फेस नव्हता, पण मोजायचं यंत्र माझ्याकडं नव्हतं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. कचोरी मात्र वर्तमानपत्रावर निथळायला ठेवली होती. शाई उतरते, बंद कर म्हटलं. लगेच उचलून कचऱ्यात टाकली.

ए-२०३: केळ्याचं?

बी-१०५: आदल्या दिवशी सांगा म्हणाला, वेगळ्या भांड्यात करून देतो.

बी-२०४: सर, दादा, मनापासून आभार. आईंना वाचून दाखवलं सगळं. त्या म्हणाल्या, पोरगा खोटं बोलला नाही ना, मग झालं. आणि रगड्यात ओव्याचं सांगितलं का, विचारायल्यात.

बी-१०५: राहिलं. रविवारी त्यांनीच सांगावं.

बुधवार

ए-१०१: लेकरू आज शाळेत गेलं. रविवारी मी येते. त्याला फक्त तव्यावरची गरम पावभाजी, वरची कोथिंबीर काढून. मस्तानी नाही, गोळा तर नाहीच. मालकाला उगाच नावं ठेवली, तेही त्याला भेटून बोलते.

सी-४०२: आजींच्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत ना? मग चाटला जायच्या आधी दोन घास भात खाऊन निघू द्या, नुसत्या तिखट पाण्यानं पित्त होईल. सुरुवात चार पुऱ्यांनी.

बी-२०४: चार ऐकून नाराज झाल्यात. पण डॉक्टरीणबाईंचं ऐकतात त्या. दारातल्या पंख्याखालची खुर्ची ठेवायला सांगितलीय, तिथून कढई दिसते.

सी-५०१: त्यांच्या शेजारची माझी.

बी-१०५: रिक्षा तीन सांगितल्यात. रविवारी साडेसहा, गेटपाशी.