रेसिडेंटाचं पपनस : सरबतात हिऱ्याची पूड खरंच होती का?

रावपुऱ्याचा_नातू
गणपतीच्या आधी बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून एक पपनस आणलं, चांगलं डोक्याएवढं. आईनं ते ओट्यावर पाहिलं आणि म्हणाली, "हे आपल्याकडे आणत नाहीत." का? तर आजीनं कधी घरात येऊ दिलं नाही. आजीच्या तोंडी त्याचं नावच "रेसिडेंटाचं फळ". लहानपणी लिंबाच्या सरबतात तळाशी साखर राहिली म्हणून मी कुरकुर केली की ती डाफरायची, "पी मुकाट, हिरकणी नाही घातलेली त्यात!"

तिची गोष्ट अशी : बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांनी गोऱ्या रेसिडेंटाला, म्हणजे दरबारातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला, पपनसाच्या सरबतातून हिऱ्याची पूड पाजली, साहेब वाचला, महाराजांची गादी गेली. सांगायची अशी, की तो पेला तिनंच विसळला असावा.

तर, यात खरं किती? आणि हिऱ्याच्या पुडीनं माणूस मरतो का? पपनस फ्रिजवर ठेवलंय, जरा लवकर सांगा.

वाडीतले_वकील (निवृत्त)
आजींना फळ अगदी बरोबर आठवत होतं.

९ नोव्हेंबर १८७४. रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळचा फेरफटका मारून आला. पपनसाच्या सरबताचा पेला नेहमीसारखा भरून ठेवलेला. दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना, उरलेलं फेकून दिलं. पेला ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. आधी रेसिडेन्सीच्या डॉक्टरनं तो तपासला, मग मुंबईच्या सरकारी रसायन तपासनिसाकडे गेला. निघालं काय, तर सोमल (म्हणजे आर्सेनिक, जालीम विष) आणि हिऱ्याची पूड. म्हणजे हिरा होता, पण सोबत सोमलही होता. आजींनी हिरा ठेवला, सोमल गाळला. गोष्टीत हिराच शोभतो म्हणा!

पुढच्या प्रकाराला सगळे "खटला" म्हणतात, तिथं मी जरा अडतो. ते कोर्ट नव्हतं, सरकारनं नेमलेलं कमिशन होतं. तीन इंग्रज, अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच. आणि तीन आपले : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूनं थेट लंडनहून वकील सार्जंट बॅलंटाइन आला. सरकारची भिस्त कशावर? रेसिडेन्सीचा हवालदार रावजी, जमादार नरसू, आणि महाराजांचा खासगी चिटणीस दामोदरपंत, ज्यानं स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी धन्यावर बोट दाखवलं. असल्या साक्षीदाराच्या एकट्याच्या शब्दावर मांजरसुद्धा दोषी धरू नये, असं आमचे सीनियर म्हणत. बॅलंटाइननं उलटतपासणीत धुलाई केली ती याच माणसांची.

निकाल ३ विरुद्ध ३. इंग्रज तिघे म्हणाले दोषी, आपल्या तिघांनी तसं म्हणायला नकार दिला.

मग सरकारनं विषाचा मुद्दा ठेवला बाजूला, आणि एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना काढलं ते गैरकारभारासाठी! चोरीच्या आळावर धरायचं आणि शिक्षा भाडं थकवल्याची द्यायची, तसं. त्यांना मद्रासला नेलं, १८८२ मध्ये तिथंच वारले.

मल्हारराव साधुपुरुष नव्हते हेही सांगतो, नाहीतर इथले काही जण लगेच हार घेऊन येतील. भावाविरुद्ध, म्हणजे खंडेरावांविरुद्ध, कट केल्याच्या संशयावरून त्यांनी पादरा या गावी कैद भोगली होती. कारभाराबद्दलच्या तक्रारींची चौकशीही आधी होऊन गेली होती. पण एक गोष्ट मला अजून खटकते. दिवाण होते दादाभाई नौरोजी, आणि फेअरला बदला अशी लेखी मागणी दरबारानं विषाच्या जेमतेम आठवडाभर आधी केली होती. कागदानं शत्रू जात असताना पेला कशाला?

मग कवळाण्याचा मुलगा दत्तक आणून सयाजीराव म्हणून गादीवर बसवला, ती गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा नको.

सुरतेची_मामी
दुसरा प्रश्न माझ्याकडे द्या. भाऊ वराछ्याला हिऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं बसला. हिरा घासायच्या चाकाला हिऱ्याचीच भुकटी तेलात कालवून लावतात. त्याला विचारलं, तर हसला. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, पोटात विरघळत नाही, विष कसलं? "हिरकणी खाऊन जीव दिला" हे आपल्याकडे गोष्टीत ठीक. त्या पेल्यात जीव घेणारा होता तो सोमल. आणि एवढा महागाचा माल सरबतात? आमच्याकडे भुकटीसुद्धा झाडून गोळा करतात हो.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून एक पुरवणी. दिनकरराव हे १८५७ मध्ये आमच्या दरबाराचे दिवाण. त्या धामधुमीत ते आणि जयाजीराव दोघेही इंग्रजांच्या बाजूनं उभे राहिले, म्हणून अजून लोक नाक मुरडतात. पण हेच दोघे अठरा वर्षांनी त्याच सरकारनं नेमलेल्या कमिशनवर बसून "आरोप सिद्ध नाही" म्हणाले. त्यांना बंडखोर म्हणायची सोयच नव्हती. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकची अडचण झाली असणार ती इथंच.

वाडीतले_वकील (निवृत्त)
@लष्करवाला, हे माझ्याकडून राहिलं. मान्य. तुमच्या जयाजीरावांना या एका सहीपुरतं माफ.

रावपुऱ्याचा_नातू
काका, मामी, सगळ्यांचे आभार. आईला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सिद्ध झालं नाही, म्हणजे झालंच नाही असं थोडंच आहे?" वकील घ्यावा तर असा.

शेवटी पपनस फोडलं. आतून पांढरं निघालं, गुलाबी नाही, आणि थोडं कडवटही. तिखट-मीठ लावून बसलो. आईनं बराच वेळ ताटलीकडे पाहिलं, मग एक फोड उचलली, खिडकीतल्या उजेडात धरून आरपार बघितली आणि तोंडात टाकली.

सरबत नको म्हणाली.