बीएमएस असताना वेगळे लो-व्होल्टेज कटऑफ सर्किट हवेच का?

सातारा (धागाकर्ता)
चाळकेवाडीच्या पठारावर हॅम (हौशी रेडिओ) संच घेऊन जाणारे बरेच जण तीन १८६५० (दंडगोल लिथियम-आयन) सेलांचा पॅक वापरतात आणि त्याला बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट, जोडला की निश्चिंत होतात. मला ही निश्चिंती मान्य नाही. स्वस्त संरक्षक सर्किटांत सर्रास आढळणारी डीडब्ल्यू०१ आयसी सेल सुमारे २.४ व्होल्टला तोडते. ती शेवटची तटबंदी आहे, रोजच्या वापराची मर्यादा नव्हे. ३ व्होल्टच्या खाली मिळण्यासारखे फारसे काही उरलेले नसते, आणि सेल २ व्होल्टच्याही खाली पडून राहिला तर ग्राफाइट ज्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर असते तो विरघळू लागतो व पुढच्या चार्जिंगमध्ये आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून पॅक ९.३ व्होल्टला तोडणारे, टीएल४३१ (व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेशी ताडणारी आयसी) आणि पी-चॅनल मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) यांचे सर्किट प्रत्येकाने बनवावे.

मिरज
असहमत. आपले सर्किट फक्त एकूण व्होल्टेज पाहते. दोन सेल ३.५ वर आणि तिसरा २.५ वर असला तरी बेरीज ९.५ होते आणि आपला पहारेकरी स्वस्थ बसतो. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे पाहण्याचे काम बीएमएसच करतो. शिवाय मर्यादेच्या थोडे खाली टीएल४३१चा प्रवाह एकदम शून्य होत नाही आणि व्होल्टेज मोजण्यासाठी लावलेल्या विभाजकातील रोध तर अखंड वीज खात राहतात. पॅक पिशवीत दोन महिने विसरला, तर ज्याच्यापासून वाचायचे तेच घडेल.

सातारा
बीएमएस काढा, असे मी म्हटलेलेच नाही. गळतीचा मुद्दा मात्र रास्त आहे. त्यावर उपाय असा, की विभाजक बॅटरीला न जोडता मॉस्फेटच्या पलीकडे, संचाच्या बाजूला जोडावा. एकदा तुटले की विभाजकाचाही पुरवठा जातो आणि बटण दाबल्याशिवाय सर्किट पुन्हा चालू होत नाही. भार हटताच व्होल्टेज वर येते व संच चालू-बंद होत राहतो, ती कटकटही यामुळे मिटते.

सांगली
दोघेही सेलचीच काळजी करता आहात. २०१९च्या ऑगस्टसारखा महापूर पुन्हा आला आणि निरोप देतानाच संच बंद पडला, तर वाचलेल्या सेलचे काय करायचे? ५ वॅटच्या प्रक्षेपणाला १ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. पॅक व तारांचा रोध ०.४ ओहम धरला तरी व्होल्टेज तेवढ्यापुरते ०.४ ने खाली जाते. म्हणजे ९.६ व्होल्टचा पॅकही बोलता बोलता तुटणार. बझर वाजवा, तोडू नका.

सातारा
बझर ९.९ व्होल्टला जरूर असावा. मर्यादाही प्रक्षेपण चालू ठेवून मोजूनच ठरवावी, कारण तोडण्याआधी ठेवलेला काही सेकंदांचा विलंब एफएमवरील लांब बोलण्यात कामाचा नाही. आपत्तीसाठी मॉस्फेटला समांतर बायपास स्विच देता येईल. पण फ्यूज आणि बीएमएस त्याच्या अलीकडे, बॅटरीकडेच राहिले पाहिजेत.

मिरज
तो बायपास स्विच पूर ओसरल्यावर कोणी बंद करणार नाही. द्यायचाच असेल तर त्याच्यासोबत लाल दिवा द्या, आणि तो दिवा संचाच्या बाजूने वीज घेईल असे पाहा.